पाठ्यपुस्तकातील एका ओळीमागचा माणूस

शाळेत प्राचीन संस्कृतींचा धडा सुरू झाला की फळ्याशेजारी जगाचा नकाशा टांगला जातो. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि ह्वांग हो या नद्यांच्या खोऱ्यांवर शिक्षक छडी ठेवतात, मुले वहीत चार रकाने आखतात. सिंधूच्या रकान्यात दोन नावे हमखास येतात. हडप्पाचे उत्खनन दयाराम साहनी यांनी केले, मोहेंजोदडोचे राखालदास बॅनर्जी यांनी. जोड्या लावण्याच्या प्रश्नात त्यांना गुण असतात, म्हणून ती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याच्या वहीत मात्र हा चौथा रकाना नव्हता. व्हिन्सेंट स्मिथ यांचा १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्राचीन भारताचा इतिहास त्या काळी प्रमाण मानला जाई. त्याचा आरंभ होता इसवी सनपूर्व ६०० या वर्षापासून. त्याआधीचे सारे वेदवाङ्मयाच्या आधारे बांधलेले तर्क होते. निश्चित म्हणावी अशी पहिली तारीख सिकंदराच्या स्वारीची, इसवी सनपूर्व ३२६ ची. इजिप्तचे पिरॅमिड आणि बाबिलोनचे राजे शिकल्यानंतर भारताकडे वळायचे ते दोन हजार वर्षे पुढे सरकून, अशी ती रचना होती. ही रचना मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या राखालदासांना वयाची पंचेचाळीस वर्षे जेमतेम लाभली. त्यांतली सर्वांत महत्त्वाची वर्षे पुण्याच्या कचेरीत गेली, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते.

राखालदास बंदोपाध्याय यांचा जन्म १२ एप्रिल १८८५ रोजी बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बहरामपूर येथे झाला. वडील मतिलाल वकील होते, घरची स्थिती चांगली होती. शालेय शिक्षण बहरामपुरातच झाले. नबाबांची जुनी राजधानी जवळच असल्याने पडके वाडे आणि मशिदी हा मुलाच्या रोजच्या पाहण्यातला भाग होता. पुढे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी इतिहास विषय घेतला, १९०७ मध्ये बी.ए. आणि १९११ मध्ये एम.ए. झाले. परंतु त्यांचे खरे शिक्षण महाविद्यालयाबाहेर चालले होते. हरप्रसाद शास्त्री यांच्याकडून जुन्या पोथ्या आणि लिपी, तर भारतीय संग्रहालयातील थिओडोर ब्लॉख यांच्याकडून शिलालेख, मूर्ती आणि नाणी वाचण्याची विद्या त्यांनी घेतली. १९१० मध्ये ते याच संग्रहालयात नोकरीस लागले आणि वर्षभरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात रुजू झाले.

त्यांच्या लेखणीचा वेग विलक्षण होता. बंगाली लिपीच्या उगमावरील प्रबंधाला १९१३ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे ज्युबिली पारितोषिक मिळाले. नाण्यांवरील ‘प्राचीन मुद्रा’ आणि पाल राजांवरील इंग्रजी ग्रंथ १९१५ मध्ये आले. बंगालचा इतिहास त्यांनी दोन खंडांत बंगालीतच लिहिला. याखेरीज कादंबऱ्या होत्या. ‘शशांक’ आणि ‘धर्मपाल’ या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या बंगालमध्ये आवडीने वाचल्या गेल्या. ‘पाषाणेर कथा’ या पुस्तकात तर भरहुतच्या स्तूपातील एक दगडच आपली कहाणी सांगतो. पुरातत्त्व खात्यातल्या अधिकाऱ्याने कादंबऱ्या लिहाव्यात हे काही विद्वानांना रुचत नसे. पण निर्जीव दगडाकडून त्याचे वय आणि त्याचा प्रवास काढून घ्यायचा, हीच तर त्यांची रोजची नोकरी होती.

१९१७ मध्ये पदोन्नती मिळून राखालदास पश्चिम मंडळाचे अधीक्षक झाले आणि पुण्यास आले. त्यांच्या आधी या पदावर होते देवदत्त रामकृष्ण भांडारकर. सर रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव कोलकाता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून गेले. पुण्याचा पंडित कोलकात्याला गेला आणि कोलकात्याचा पंडित पुण्याला आला, अशी ही अदलाबदल होती. तिला पुढे जो अर्थ आला तो त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

पश्चिम मंडळाचा पसारा मोठा होता. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असे, त्यामुळे लारकाना जिल्ह्यातील टेकाडांपासून बदामीच्या लेण्यांपर्यंत सारे काही पुण्याच्या कचेरीच्या अखत्यारीत येई. शिवाय मध्य भारतातील काही संस्थाने होतीच. राखालदासांनी या मुलखात भरपूर भ्रमंती केली. नागोद संस्थानातील भूमरा येथील गुप्तकालीन शिवमंदिर आणि बदामीची शिल्पे यांवरील त्यांचे ग्रंथ ही त्या भ्रमंतीची फळे होत. खुद्द पुण्यात, १८२८ च्या आगीत भस्मसात झालेल्या शनिवारवाड्याच्या आवारातील माती उपसून पेशव्यांच्या दिवाणखान्यांचे पाये आणि कारंजी उघडी करण्याचे काम याच वर्षांत झाले. आज वाड्यात फिरताना जी जोती दिसतात ती त्या खोदकामामुळे. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या पुण्याला आपल्यात एक बंगाली ऐतिहासिक कादंबरीकार सरकारी हुद्द्यावर वावरत आहे, याची फारशी वार्ता नसावी.

आता सिंधकडे वळायला हवे. डोकरी गावापासून काही मैलांवर, सिंधू नदीच्या पश्चिमेला, विटांच्या ढिगाऱ्यांचे एक विस्तीर्ण टेकाड होते. त्याच्या माथ्यावर पडक्या स्तूपाचा बुरूज उभा होता. सिंधी लोक त्याला मृतांचे टेकाड म्हणत, म्हणजेच मोहेंजोदडो. देवदत्त भांडारकर १९११-१२ च्या दौऱ्यात तेथे जाऊन आले होते. विटा नव्या धाटणीच्या दिसतात, कोरीव मृत्तिकाशिल्पे सापडत नाहीत, तेव्हा हे एखाद्या दोनशे वर्षांपूर्वीच्या गावाचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष त्यांनी अहवालात नोंदवला. भांडारकर सामान्य अभ्यासक नव्हते, अशोकावर आणि शिलालेखांवर त्यांनी केलेले काम आजही आधाराला घेतले जाते. त्यांची चूक त्या काळच्या साऱ्या विद्येची चूक होती. इतक्या प्राचीन काळी भारतात भाजक्या विटांचे शहर असू शकते, ही कल्पनाच कोणाजवळ नव्हती, आणि जी कल्पना नसते ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

असे याआधी हडप्पाच्या बाबतीतही घडले होते. पंजाबातील त्या टेकाडाच्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी वाहून नेण्यात आल्या. खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या हाती तेथील एक मुद्रा आली, तिचे चित्र त्यांनी १८७५ मध्ये प्रसिद्धही केले. एक बैल आणि वरच्या बाजूला अनोळखी अक्षरे असलेली ती मुद्रा परदेशी असावी, असे त्यांनी ठरवून टाकले.

राखालदास मोहेंजोदडोला प्रथम गेले ते १९१९-२० च्या हंगामात. सिंधच्या कोरड्या नदीपात्रांतून ते सिकंदराने उभारलेल्या विजयवेदींचा माग काढत होते, असे सांगितले जाते. त्या वेदी मिळाल्या नाहीत. टेकाडावर त्यांना मिळाली गारगोटीची एक छिलणी, म्हणजे चामडे वा लाकूड खरवडण्याचे दगडी हत्यार. लोखंड सर्रास झाल्यानंतर अशी हत्यारे कोणी घडवत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या गावात ती असण्याचे कारण नाही, किंबहुना बौद्ध काळातल्या वस्तीतही नाही. विटांच्या आकारावरून भांडारकरांनी जे वय काढले होते ते या एवढ्याशा दगडापुढे टिकत नव्हते.

खोदकामाला मुहूर्त लागला तो १९२२ च्या हिवाळ्यात. प्रथम अपेक्षेप्रमाणे स्तूप आणि भोवतीच्या भिक्षूंच्या खोल्या निघाल्या. कुषाण राजा वासुदेव याची नाणी मिळाली, त्यामुळे हा वरचा थर इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपासचा ठरला. एखादा अधिकारी येथे समाधानाने थांबला असता, स्तूप सापडणे हेच तेव्हा मोठे यश मानले जाई. राखालदास खाली उतरत गेले. स्तूपाखाली आणखी बांधकाम होते. त्यात रंगीत नक्षीची मडकी, गारगोटीची पाती, तांब्याच्या वस्तू होत्या. आणि मुद्रा होत्या. त्यांच्यावरची अक्षरे कनिंगहॅम यांच्या चित्रातल्या अक्षरांसारखी होती, जसे काही हडप्पाचीच माणसे येथे राहून गेली होती. दोन्ही स्थळांमध्ये अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक.

येथे श्रेयाचा प्रश्न उभा राहतो आणि तो नीट सोडवायला हवा, कारण वर्गात शिकवताना त्याचा हटकून गोंधळ होतो. हडप्पाचे उत्खनन दयाराम साहनी यांनी आधी, म्हणजे १९२१ मध्ये सुरू केले. मुद्रा त्यांनाही मिळाल्या होत्या, पण पंजाबातील एका टेकाडातील मुद्रांवरून संस्कृती सिद्ध होत नाही. तसेच मोहेंजोदडो राखालदासांनी शोधून काढले असेही म्हणता येत नाही, ते टेकाड कोणापासून लपलेले नव्हते आणि खात्याच्या दप्तरीही नोंदलेले होते. त्यांनी ओळखले ते त्याचे वय. बौद्ध थराच्या खाली असलेले शहर त्याहून फार जुने आहे आणि त्याचे नाते हडप्पाशी आहे, ही त्यांची नजर निर्णायक ठरली. दोन लांबच्या स्थळी एकच लिपी आणि त्याच मुद्रा मिळाल्या तेव्हाच एका विस्तृत संस्कृतीची कल्पना करता आली.

ती कल्पना जगापुढे मांडली खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी. १९२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही ठिकाणच्या वस्तू शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. २० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्यांचा सचित्र लेख आला. साहनी आणि बॅनर्जी या दोघांची नावे त्यात होती. आठवडाभरातच ए. एच. सेस या अभ्यासकाने इराणमधील सुसा येथील वस्तूंशी असलेले साम्य दाखवून दिले. पाठोपाठ ब्रिटिश म्युझियमच्या गॅड आणि स्मिथ यांनी सुमेरशी तुलना केली. मेसोपोटेमियातील किश येथे अर्नेस्ट मॅके यांना सापडलेली तशीच मुद्रा काळाचा पुरावा घेऊन आली. ज्या वस्तूंचे वय भारतात कोणाला सांगता येत नव्हते ते मेसोपोटेमियाच्या कालगणनेने सांगून टाकले. भारताचा इतिहास एका लेखासरशी इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकात जाऊन पोहोचला. आज या संस्कृतीच्या नगरांचा भरभराटीचा काळ इसवी सनपूर्व २६०० ते १९०० असा मानला जातो.

त्याच १९२४ साली कोलकाता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी राखालदासांनी लिहिलेले भारताच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक बाहेर पडले. ज्याच्या फावड्याने जुने पहिले प्रकरण कालबाह्य ठरवले, तोच नव्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकही लिहीत होता. असा योग इतिहासकारांच्या वाट्याला क्वचित येतो.

मोहेंजोदडोवर मात्र ते पुन्हा खणू शकले नाहीत. एका हंगामानंतर तेथील काम माधो सरूप वत्स आणि नंतर काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे गेले. पंढरपूरचे हे दीक्षित पुढे खात्याचे महासंचालक झाले. महास्नानगृह १९२५-२६ च्या हंगामात उघडे झाले आणि नर्तिकेची जगप्रसिद्ध कांस्यमूर्ती १९२६ मध्ये मिळाली. मुलांच्या पुस्तकात ज्यांची चित्रे असतात त्या बहुतेक गोष्टी राखालदासांच्या नंतरच्या आहेत. १९२४ मध्ये त्यांची बदली पूर्व मंडळात झाली. तेथेही त्यांनी पहाडपूरच्या प्रचंड बौद्ध विहाराचे काम हाती घेतले. या ठिकाणी त्यांच्या आधी भांडारकर येऊन गेले होते आणि त्यांच्या मागून दीक्षित आले, हा क्रम गमतीचा आहे.

मार्शल आणि राखालदास यांचे जमले नाही. मार्शल शिस्तीचे, प्रत्येक रुपयाचा हिशेब आणि प्रत्येक वस्तूचा थर कागदावर मागणारे. राखालदास सढळ हाताचे, घरी पाहुण्यांची वर्दळ, खर्चाला मर्यादा नाही, आणि सरकारी हिशेबातही तोच मोकळेपणा. उत्खननाच्या नोंदी त्यांनी आजच्या अपेक्षेइतक्या काटेकोर ठेवल्या नव्हत्या, हे मान्य करावे लागते. मोहेंजोदडोच्या अवशेषांचे नाते क्रीट बेटावरच्या संस्कृतीशी असावे, हा त्यांचा अंदाजही पुढे टिकला नाही. प्रज्ञा आणि टापटीप एकाच माणसात नांदतीलच असे नाही.

अखेरचा घाव भेडाघाटवरून बसला. जबलपूरजवळच्या चौसष्ट योगिनी मंदिरातील एक मूर्ती नाहीशी झाली आणि संशय राखालदासांवर आला. चौकशी झाली, हिशेबांची जुनी प्रकरणेही वर आली आणि १९२६ च्या सुमारास त्यांची सरकारी कारकीर्द संपली. बंगालमधील त्यांचे चाहते यात गोऱ्या अधिकाऱ्याचा मत्सर पाहतात. खात्याची कागदपत्रे वाचणाऱ्या इतिहासकारांना मात्र हे प्रकरण तितके सरळ वाटत नाही. इतके खरे की वयाच्या चाळिशीत, कीर्तीच्या ऐन भरात, हिंदुस्थानातील एक समर्थ पुरातत्त्वज्ञ पुन्हा कधीही सरकारी फावडे हाती धरणार नव्हता.

उत्पन्न थांबले, सवयी थांबल्या नाहीत. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९२८ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने त्यांना प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी त्यांचा भारताचा छोटा इतिहास प्रसिद्ध झाला. या शेवटच्या वर्षांत ओरिसाचा इतिहास, गुप्त सम्राटांचा काळ, पूर्व भारतातील मध्ययुगीन शिल्पे असे मोठमोठे विषय ते एकामागून एक हातावेगळे करत होते. त्यांतले बरेचसे छापून आलेले त्यांना पाहता आले नाही. २३ मे १९३० रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी मार्शल यांनी संपादित केलेले मोहेंजोदडोवरील तीन भव्य खंड लंडनहून प्रसिद्ध झाले. प्रस्तावनेत त्यांनी दिवंगत बॅनर्जींना त्या स्थळाचे नव्हे तरी त्याच्या प्राचीनत्वाच्या शोधाचे श्रेय दिले. शब्द मोजून दिलेले हे श्रेय अन्याय्य म्हणता येत नाही, फक्त ते वाचायला माणूस उरला नव्हता. मोहेंजोदडोच्या नकाशावर उत्खननाच्या विभागांना तेथे काम केलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. दीक्षितांचा विभाग आहे, वत्सांचा आहे, हारग्रीव्ह्ज यांचा आहे. राखालदासांचा नाही. ज्या स्तूपापाशी त्यांनी पहिला चर घेतला तो भागही दुसऱ्याच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

१९३४ मध्ये त्यांचे प्रागैतिहासिक काळापासून हिंदू राजवटींच्या अखेरीपर्यंतचे इंग्रजी पाठ्यपुस्तक मरणोत्तर प्रसिद्ध झाले आणि विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांनी ते वापरले. स्मिथ यांचा इतिहास इसवी सनपूर्व ६०० पासून सुरू होत असे. या पुस्तकाच्या शीर्षकाचा पहिलाच शब्द प्रागैतिहासिक काळाचा होता. मोहेंजोदडो १९४७ मध्ये पाकिस्तानात गेले आणि १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथील काही वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, कारण त्या काळी सिंध आणि मुंबई यांचा इलाखा एकच होता. राखालदासांनी त्या एका हिवाळ्याच्या उत्खननाचा लिहिलेला अहवाल मात्र खात्याने छापला नव्हता. तो वाराणसीहून पुस्तकरूपाने बाहेर आला १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चोपन्न वर्षांनी.